‘फायनल प्लॉट’मागचा हिशेब

बांद्रा पश्चिमेला जुन्या इमारतींच्या पत्त्यात ‘टी.पी.एस. ३’ अशी अक्षरे असतात; टी.पी.एस. म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना. पुण्यात एरंडवण्यातल्या खरेदीखतात सर्व्हे नंबराशेजारी ‘एफ.पी. नंबर’ येतो. घर घेणारे बहुतेक जण ते वाचतात आणि पान उलटतात. एफ.पी. म्हणजे फायनल प्लॉट, अंतिम भूखंड. त्याआधी तिथे एक ‘मूळ भूखंड’ होता, वाकडातिकडा, शेताच्या बांधांनी आखलेला. मुळाचा अंतिम होताना मालकाकडून रस्ते-गटारांचा खर्च कसा वसूल करायचा, याचे गणित शंभर वर्षांपूर्वी बसवले गेले.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टची पद्धत सरळ होती: जमीन विकत घ्यायची, दाट वस्ती पाडायची, रस्ता काढायचा, उरलेले भूखंड भाड्याने द्यायचे. दादर-माटुंगा त्यातूनच उभे राहिले. पण १८९४ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभाव आणि वर १५ टक्के द्यावे लागत. शिवाय ट्रस्टच्या रस्त्यामुळे शेजारच्या ज्या जमिनीचा भाव चढे, तिच्या मालकाला तो फुकटात मिळे. खर्च एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, अशी ही तक्रार होती.

उत्तर बाहेरून आले. फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी १९०२ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याकडून एक कायदा करून घेतला होता. सगळ्या जमिनी एकत्र करा, रस्त्यांची जागा काढून घ्या, उरलेली नीट आकारात मालकांना परत द्या, असा तो होता. इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्याने नगररचनेमुळे वाढलेल्या किमतीतला निम्मा भाग मालकाकडून घेण्याची सोय केली. या दोन्हींचा सांधा जुळवून १९१५ चा मुंबई नगररचना कायदा झाला. पुढे १९५४ चा, मग महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला, पण हिशेबाचा सांगाडा तोच राहिला.

हा हिशेब करायचा कसा? समजा, मूळ भूखंड १,००० चौरस मीटरचा, भाव २० रुपये. योजनेत ३०० चौरस मीटर रस्त्याला गेले, मालकाला ७०० चौरस मीटरचा चौकोनी भूखंड मिळाला. जुन्याच भावाने त्याची किंमत १४,००० रुपये, म्हणजे ६,००० रुपये भरपाई मालकाची निघते. आता लवादाने, म्हणजे योजनेसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, कल्पना करायची: योजना आजच पूर्ण झाली, रस्ता आहे, पाणी आहे, दिवे आहेत. भाव ४५ रुपये धरला तर किंमत ३१,५००. वाढ १७,५००. कायदा म्हणतो, अंशदान, म्हणजे योजनेच्या खर्चातला मालकाचा वाटा, या वाढीच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे फार तर ८,७५०. त्यातून भरपाईचे ६,००० वजा केले की मालकाने भरायचे राहतात २,७५०. सगळ्या भूखंडांची वाढ मांडून योजनेचा खर्च तिच्या प्रमाणात वाटायचा. खर्च कमी असेल तर वाटाही कमी.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे दोन्ही किमती एकाच तारखेच्या धरतात: योजना आखण्याचा इरादा जाहीर झाला त्या दिवसाच्या. त्यामुळे महागाई, शहराची एकूण वाढ, शेजारी आलेला कारखाना, हे सारे बाजूला राहते आणि उरते ती फक्त योजनेमुळे झालेली वाढ. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात खासगी रस्ता दुरुस्त करण्याचा बोजा रस्त्याला लागून मिळकती असणाऱ्यांवर टाकला आहे. ते सोपे आहे, पण कुणाला किती फायदा झाला हे त्यात विचारले जात नाही.

पण तारीखच गळ्यात आली. अहमदाबादच्या जमालपूर भागातल्या योजनेचा इरादा १९२७ मध्ये जाहीर झाला होता. तिच्यावरचा शांतिलाल मंगलदास खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला १९६९ मध्ये. गेलेल्या जमिनीची भरपाई इराद्याच्या तारखेच्या भावाने देणे घटनेला धरून आहे, असे न्यायालयाने ठरवले. गुजरात सरकार जिंकले. पण सुनावण्या, लवाद, अपिले यांत दशके गेली की जुन्या तारखेच्या भावाने मोजलेले अंशदान नव्या खर्चापुढे चिल्लर ठरते. रस्ता बांधायचा आजच्या दराने आणि वसुली आजोबांच्या दराने.

राज्ये वेगळी झाल्यावर १९५४ चा कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने १९७६ मध्ये नवा कायदा करून या योजना चालूच ठेवल्या. महाराष्ट्र विकास आराखडा, जमिनींचे आरक्षण आणि १९९१ पासून टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात मिळणारे, दुसरीकडे वापरता येणारे बांधकामाचे हक्क) यांच्या मागे गेला. १९९२ मध्ये ‘विकास शुल्क’ आले. पुढे ते रेडी रेकनरला, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरतक्त्याला, बांधले गेले. निवासी बांधकामाला दोन टक्के, जमिनीला अर्धा टक्का. इथे लवाद लागत नाही, कल्पनाही करावी लागत नाही, कारकून पाच मिनिटांत आकडा काढतो. मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी ते दुप्पट करण्याचीही सोय झाली. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे तर मेट्रोच्या नावाने मुद्रांक शुल्काबरोबर मिळकतीच्या किमतीचा एक टक्का वेगळा.

फक्त पैसे भरणारा बदलला. जुन्या गणितात तो होता भाव वाढलेल्या जमिनीचा मालक. आता तो आहे नवे बांधणारा किंवा विकत घेणारा. स्टेशनला लागून वीस वर्षे फ्लॅट असलेल्याच्या घराचा भाव मेट्रोने चढतो आणि त्याला या दोन्हींतला एक रुपयाही पडत नाही. एक टक्का भरतो तो चढ्या भावाने आत येणारा, म्हणजे त्याच वाढीची किंमत दुसऱ्यांदा.

अलीकडे नवी मुंबई विमानतळाभोवती सिडकोने ‘नैना’ या विमानतळ प्रभावक्षेत्रासाठी नगररचना योजना पुन्हा काढल्या आहेत. मूळ जमिनीच्या ४० टक्क्यांचा भूखंड मालकाला परत, असे तिथले सूत्र. शेतकऱ्यांच्या विरोधात जमिनीच्या टक्क्यांबरोबर सुधारणा शुल्काचाही, म्हणजे अंशदानाचाच, विषय आहे, आणि लवादापुढच्या तक्त्यात पुन्हा तेच रकाने: मूळ भूखंड, अंतिम भूखंड, अविकसित किंमत, विकसित किंमत, अंशदान.