टर्बो हायड्रा-मॅटिक ३५० : घरच्या गॅरेजातली पुनर्बांधणी

टर्बो हायड्रा-मॅटिक ३५० हा अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीचा तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स. १९६९च्या मॉडेलपासून तो शेव्हरोले, ब्यूइक, पॉन्टिॲक अशा गाड्यांत बसू लागला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिला. कॅमारो, शेव्हेल, नोव्हा, इम्पाला, शिवाय पिकअप ट्रक अशा असंख्य गाड्यांत तो असल्याने जुन्या अमेरिकन गाड्या सांभाळणाऱ्यांना 'टीएच ३५०' हे नाव घरच्यासारखे झाले आहे. तो घरच्या गॅरेजात पूर्ण उघडायचा, झिजलेले बदलायचे आणि पुन्हा जोडायचा, या कामाला अमेरिकेत 'रिबिल्ड' म्हणतात. साध्या दुरुस्तीत बिघडलेला भाग तेवढा बदलला जातो. रिबिल्डमध्ये प्रत्येक रबरी सील, गॅस्केट आणि क्लचची फ्रिक्शन प्लेट सरसकट नवी घालतात आणि बाकीचे भाग मोजूनच परत बसवतात.

स्वयंचलित गिअरबॉक्सचा धाक हौशी मेकॅनिकलाही वाटतो. इंजिन खोलणारे पुष्कळ, पण याला हात लावताना तेच लोक दोनदा विचार करतात. खरे तर आतले दाते, शाफ्ट आणि ड्रम सहसा धडधाकट असतात. मरतो तो कागद आणि रबर. फ्रिक्शन प्लेट म्हणजे पोलादी चकतीवर चिकटवलेला, तेलात भिजणारा कागदासारखा थर. सील म्हणजे रबराची पातळ ओठासारखी कडा. उष्णतेने रबर कडक होते, तेलाचा दाब गळतो, दाब कमी पडला की प्लेटा घसरतात आणि घसरल्या की जळतात. म्हणून नुसत्या जळक्या प्लेटा बदलून जुनी सील तशीच ठेवणाऱ्याला काही महिन्यांत तेच काम पुन्हा करावे लागते.

पूर्वपीठिका

द्रवाच्या साह्याने शक्ती पोचवण्याची कल्पना जर्मन अभियंता हर्मान फॉटिंगर याची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. १९३९मध्ये तो १९४०च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम ५ स्टुअर्ट रणगाड्यातही तो बसवला गेला. १९५३च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रा-मॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला आणि कंपनीला उत्पादन विलो रन येथे हलवावे लागले. पुढे १९५०मध्ये आलेला दोन गतींचा पॉवरग्लाइड आणि १९६४मधला दणकट टीएच ४०० यांच्या मधली जागा टीएच ३५०ने भरली. टीएच ४०० इतका भरवशाचा ठरला की रोल्स-रॉइस आणि जॅग्वार यांनीही तो घेतला. धाकट्याला तसा मान मिळाला नाही, पण संख्या त्याच्या बाजूने होती.

आतली रचना

इंजिनामागे टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात समोरासमोर दोन पाती-चक्रे आणि मध्ये स्टेटर. एक चक्र तेल फेकते, दुसरे त्या तेलाने फिरते आणि स्टेटर परतीच्या तेलाची दिशा वळवून सुरुवातीला जोर जवळजवळ दुप्पट करतो. कन्व्हर्टरच्या मागच्या नळीवर तेलाचा पंप चालतो. साऱ्या गिअरबॉक्सचे रक्ताभिसरण त्याच्या हाती. पुढे सिम्पसन पद्धतीचे ग्रहीय दंतचक्रांचे दोन संच येतात. दोन्ही संचांना मिळून एकच सूर्यचक्र, ही हॉवर्ड सिम्पसन या अभियंत्याची खुबी. पहिली गती २.५२, दुसरी १.५२ आणि तिसरी सरळ १.

दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. कुठला भाग धरायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवले की गती बदलते. धरण्या-सोडण्यासाठी चार क्लच (फॉरवर्ड, डायरेक्ट, इंटरमिजिएट आणि लो-रिव्हर्स), दोन एकदिशा रोलर क्लच आणि एक पट्टा. कधी धरायचे हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. धातूच्या या ठोकळ्यात नागमोडी वाटा कोरलेल्या असतात आणि त्यांतून छोटे व्हॉल्व्ह मागे-पुढे सरकतात. तिला दोन खबरी लागतात. गाडीचा वेग गव्हर्नर सांगतो, इंजिनावरचा भार मॉड्युलेटर. मॉड्युलेटर म्हणजे इंजिनाच्या निर्वात नळीला जोडलेला रबरी पडदा असलेला डबा. तारा नाहीत, सेन्सर नाहीत, संगणक नाही. तेलाच्या दाबावर चालणारी ही आकडेमोड आहे आणि ती उघड्या डोळ्यांनी पाहता येते, हेच या जुन्या यंत्राचे आकर्षण.

उघडण्याआधी

सर्वांत मोठी चूक गिअरबॉक्स खाली उतरवण्याची घाई ही. लक्षणे नीट वाचली तर बऱ्याचदा उतरवायची गरजच पडत नाही.

गाडी पहिल्या गतीतच अडकली असेल तर आधी गव्हर्नर पाहावा. तो केसिंगच्या मागच्या बाजूला एका झाकणाखाली असतो, तारेची क्लिप सोडली की हातात येतो. त्याचा प्लॅस्टिकचा गिअर दाते झडून निकामी होतो आणि मग व्हॉल्व्ह बॉडीला वेग कळतच नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर, तेल कमी होते आहे आणि खाली मात्र एक थेंब नाही, तेव्हा मॉड्युलेटरची निर्वात नळी काढून बोट घालावे. बोटाला लाल तेल लागले तर पडदा फाटला आहे आणि इंजिन गिअरबॉक्सचे तेल पिते आहे. दोन्ही दुरुस्त्या एका दुपारच्या आणि थोड्या पैशांच्या.

आतल्या क्लचचा दोष शोधायला एक छोटा हिशेब उपयोगी पडतो. पुढे जाताना प्रत्येक गतीत फॉरवर्ड क्लच लागतो. तिसऱ्या गतीत आणि रिव्हर्समध्ये डायरेक्ट क्लच लागतो. रिव्हर्समध्ये त्याच्या जोडीला लो-रिव्हर्स क्लचही असतो. म्हणजे गाडी मागे जात नाही आणि तिसऱ्यातही घसरते, तर डायरेक्ट क्लच गेला. तिसरी गती ठीक, फक्त रिव्हर्स नाही, तर संशय लो-रिव्हर्सवर. रिव्हर्स उत्तम पण ड्राइव्हमध्ये हालत नाही, तर फॉरवर्ड. न्यूट्रलमध्येही गाडी पुढे ओढते, तर फॉरवर्डच्या प्लेटा जळून चिकटल्या असण्याची शक्यता. फक्त दुसरी गती घसरते, तेव्हा इंटरमिजिएट क्लच किंवा त्याचा रोलर. हा इंटरमिजिएट रोलर टीएच ३५०चा ठाऊक असलेला दुबळा दुवा आहे आणि जोरदार इंजिनामागे तो आधी हार मानतो.

तळाचे तबक काढल्यावर साचलेला गाळही बोलतो. बारीक राखाडी भुकटी वयोमानाची. काळपट कागदी कपचे आणि जळका वास क्लचचा. पितळी चकाकी दिसली तर बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) किंवा थ्रस्ट वॉशर (फिरत्या भागांमधली चकती) झिजले आहेत आणि काम वाढणार.

उतरवणे, खोलणे, मोजणे

कन्व्हर्टर व तेल सोडून गिअरबॉक्सचे वजन सुमारे ५५ किलो भरते. अंगावर घ्यायची वस्तू ही नव्हे. गाडी चार भक्कम जॅक स्टँडवर सपाट जमिनीवर उभी करावी. सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही वापरू नयेत, ते इशारा न देता फुटतात. प्रोपेलर शाफ्ट, थंड करणाऱ्या तेलाच्या नळ्या, स्पीडोमीटरची केबल, गिअर दांडी आणि किकडाउनची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालची गती आणणारी) केबल सुटी केल्यावर कन्व्हर्टरचे तीन बोल्ट खालच्या झाकणातून काढतात. कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच बाहेर यायला हवा.

पंप बाहेर काढणे हा पहिला अडथळा. तो केसिंगमध्ये घट्ट बसलेला असतो. त्याच्या दोन आटेदार भोकांत सरकते हातोडे लावून ओढतात. त्यानंतर मात्र भाग एकामागून एक निघत जातात. प्रत्येक थर काढताना फोटो काढणारा आणि टेबलावर क्रमाने मांडणारा माणूस जुळणीच्या दिवशी सुखी असतो. थ्रस्ट वॉशर तेलाच्या चिकटपणाने शेजारच्या भागाला लटकून निघतात आणि कोणता कुठला हे नंतर कुणालाच आठवत नाही. व्हॉल्व्ह बॉडी सोडताना पोलादी गोळ्या निसटतात. त्या चार आहेत आणि चारही आपापल्या खाचेत परत गेल्या पाहिजेत.

धुलाईला रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट चालते, पण पुसायला सुती चिंधी घेऊ नये. तिचा एक धागा व्हॉल्व्हखाली अडकला की नवा गिअरबॉक्स जुन्यासारखा वागू लागतो. व्हॉल्व्ह आपल्याच वजनाने छिद्रात सरकले पाहिजेत.

घरच्या कामाची सीमा इथे दिसते. बुश ठोकायला योग्य मापाचे ड्रिफ्ट, म्हणजे ठोकण्याचे दांडे, लागतात आणि ते नसतील तर वर्कशॉपची पायरी चढावी. टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला असतो. तो लेथवर कापून, साफ करून पुन्हा वेल्ड आणि संतुलित करावा लागतो, म्हणून बहुतेक जण तयार पुनर्बांधित कन्व्हर्टरच विकत घेतात. जुना धुऊन लावण्याचा मोह खोटी बचत आहे, त्यात जुन्या क्लचचा सगळा चुरा बसलेला असतो. रेडिएटरमधल्या कूलरचेही तेच. तो आणि त्याच्या नळ्या उलट्या दिशेने धुतल्याशिवाय नवे तेल ओतू नये.

जुळणी

सुट्या भागांचे किट दोन प्रकारचे. 'बॅनर किट'मध्ये सील, गॅस्केट आणि फ्रिक्शन प्लेटा. 'मास्टर किट'मध्ये त्यांच्या जोडीला मधल्या पोलादी प्लेटाही. पोलादी प्लेटा निळ्या पडल्या असतील तर त्या तापून गेल्या आहेत, मास्टर किटच घ्यावे.

नव्या फ्रिक्शन प्लेटा निदान अर्धा तास तेलात बुडवून ठेवतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच गिअरला त्यांचा कागद करपतो. वॉशर आणि गोळ्या जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन उत्तम, कारण ते गरम तेलात विरघळून जाते. बेअरिंगचे ग्रीस विरघळत नाही आणि गाळणी तुंबवते.

पिस्टन बसवणे हे खरे कसब. सीलच्या ओठाची दिशा दाबाकडे असावी लागते आणि पिस्टन ड्रममध्ये उतरवताना ओठ दुमडता कामा नये. पातळ फीलर गेज (फट मोजायची पोलादी पट्टी) किंवा पियानोच्या तारेचे छोटे फास करून कडेने फिरवत ओठ आत ढकलतात. जोर लावला की सील कापले जाते आणि ते बाहेरून दिसत नाही. पिस्टनवरच्या स्प्रिंगा दाबायला आटेदार दांडा आणि दोन पट्ट्यांचे घरगुती साधन चालते. सर्क्लिप (स्प्रिंगा अडवून धरणारी कडी) खाचेत पूर्ण बसली का ते दोनदा पाहावे, चेहरा बाजूला ठेवून.

प्रत्येक क्लचमध्ये थोडी मोकळीक हवी. दर फ्रिक्शन प्लेटमागे साधारण ०.०१० इंच हा कारागिरांचा ढोबळ नियम. फार कमी ठेवली तर प्लेटा सुट्या झाल्यावरही घासतात, फार जास्त ठेवली तर पिस्टन उशिरा पोचतो. मग तेलाच्या वाटेत कॉम्प्रेसरची हवा सोडून पाहतात. क्लच 'थप्प' असा भरीव आवाज करून दाबला गेला तर सील धरते आहे. नुसता फुसफुसाट आला तर पुन्हा खोलावे. या चाचणीला दहा मिनिटे लागतात. ती टाळणाऱ्यांचे शनिवार-रविवार गाडीखाली जातात.

पंपाचे दोन अर्धे बोल्ट करताना त्यांच्या कडा तंतोतंत जुळाव्या लागतात. मोठ्या पट्ट्याच्या क्लॅम्पने घेर आवळून मग बोल्ट कसतात.

बसवणे आणि तेल

एवढे सगळे नीट करून शेवटच्या तासात पंप फोडणारे लोक आहेत. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर चढवताना तो तीन टप्प्यांत आत जातो: आधी इनपुट शाफ्टवर, मग स्टेटरच्या आधारावर, शेवटी पंपाच्या खाचांत. फिरवत, ढकलत राहिल्यावर तीन वेळा 'टक' लागतो. तिसरा टक लागला नसताना बोल्टने गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढून घेतला, की पंपाचा गिअर तडकतो. केसिंग इंजिनाला हाताने टेकले पाहिजे आणि तेव्हा कन्व्हर्टर व इंजिनाची फ्लेक्सप्लेट (कन्व्हर्टर जिला बोल्ट होतो ती पातळ चकती) यांत ३ ते ५ मिलिमीटर फट उरली पाहिजे.

रिकाम्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टरसह नऊ-साडेनऊ लिटर तेल लागते, पण ते एकदम ओतत नाहीत. निम्मे घालून इंजिन सुरू करायचे, आणखी ओतायचे, ब्रेक दाबून दांडी सगळ्या गिअरांतून फिरवायची आणि शेवटी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये तेल मोजायची काडी पाहायची. लाल रंगाच्या डेक्स्रॉन तेलाचाही एक इतिहास आहे. त्याच्या जुन्या प्रतीत घर्षण नियंत्रित करायला स्पर्म व्हेलचे तेल मिसळत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्या देवमाशाला संरक्षण दिले आणि तेल कंपन्यांना दुसरे रसायन शोधावे लागले. आजचे डेक्स्रॉन जुन्या टीएच ३५०ला चालते.

नवशिक्याने याच गिअरबॉक्सपासून सुरुवात करावी, असे जाणकार सांगतात. जनरल मोटर्सच्याच नंतरच्या ७००-आर-४ या चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटलच्या केबलवर आतला दाब अवलंबून असतो आणि ती चुकीची लागली तर नवे क्लच लवकर जळतात. टीएच ३५०ची केबल फक्त किकडाउनपुरती आहे. ती चुकली तर ओव्हरटेक करताना गाडी सुस्त वाटेल, एवढेच.

भारतातील स्थिती

जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी सुरू केली आणि १९५४मध्ये ती बंद केली, म्हणजे टीएच ३५०च्या कितीतरी आधी. त्यानंतर मोठ्या अमेरिकन गाड्या आल्या त्या बहुधा दूतावासांच्या, आणि सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत त्या इतरांकडे गेल्या. मुंबईच्या विंटेज रॅलीत दिसणाऱ्या साठीच्या दशकातल्या स्वयंचलित शेव्हरोलेंमध्ये पॉवरग्लाइड असण्याचा संभव जास्त. ॲम्बॅसडर आणि फियाटवर हात बसलेल्या मेकॅनिकला स्वयंचलित गिअरबॉक्स क्वचितच पाहायला मिळे, त्यामुळे कित्येक इम्पालांचा मूळ गिअरबॉक्स काढून डिझेल इंजिन आणि हाताचा गिअरबॉक्स लावला गेला. आता अशी गाडी पुन्हा मूळ रूपात आणू पाहणाऱ्याला किट अमेरिकेहून मागवावे लागते. इंची पाने मात्र इथल्या जुन्या गॅरेजांत हमखास सापडतात; ॲम्बॅसडरचे बोल्ट इंचीच होते.