काऊबॉयच्या आधीचा वाकेरो

काऊबॉय म्हटलं की टेक्सासचा घोडेस्वार डोळ्यांसमोर येतो. पण त्याला त्याची विद्या शिकवणारा मेक्सिकोचा घोडेस्वार गुराखी, म्हणजे वाकेरो होता, आणि त्याची साक्ष शब्दच देतात.

१४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने कॅरिबियन बेटांवर गुरं उतरवली. तिथून ती १५२१ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचली. मोकळ्या माळावर पसरलेले ते कळप पायी राखणं अशक्य होतं. मूळ रहिवाशांनी घोड्यावर बसायला स्पॅनिश राजवटीची मनाई होती, पण गुरं वळायला माणसं तीच, त्यामुळे ती मनाई हळूहळू सैल पडली. स्पॅनिशमध्ये 'वाका' म्हणजे गाय, तिला राखणारा 'वाकेरो'.

स्पॅनिश 'व' 'ब'कडे झुकतो, जसा आपला वाघ हिंदीत बाघ होतो. म्हणून इंग्रजीत 'बकरू' झालं आणि नेवाडा-ओरेगनकडे ते आजही चालतं. फासाच्या दोराला स्पॅनिशमध्ये 'ला रेआता' म्हणत. इंग्रजीने 'ला' या उपपदासकट उचलून त्याचा 'लॅरिएट' केला!

मालकाच्या 'रांचेरो' या शब्दाची वाट वेगळी. 'रांचो' म्हणजे मुळात शिपायांची एकत्र पंगत, पुढे तात्पुरत्या झोपड्या. मेक्सिकोत 'रांचेरो' हा बहुधा लहान जमीनवाला, मोठ्या जहागिरीचा धनी तो 'असेंदादो'. कॅलिफोर्नियात १८३० च्या दशकात ख्रिस्ती मिशनच्या जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा मात्र रांचेरो हजारो एकरांचा मालक झाला.

इंग्रजीत 'काऊबॉय' म्हणजे पूर्वी खरोखरच गाई राखणारा पोरगा. १८६७ पासून टेक्सासची गुरं कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेपर्यंत हाकत नेणारे मात्र बाप्ये होते, त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकनही पुष्कळ. तरी कळपाचा धनी 'कॅटलमन' आणि त्याच्या पगारावर राबणारा 'बॉय'च. हा फरक मला बोचतो. गुरांना काठीने ढोसून मालडब्यात चढवणाऱ्याला 'काऊपंचर' असंही नाव पडलं.

वाकेरोची विद्या हवाईतही गेली. १७९३ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली. ती मारायला बंदी होती, त्यामुळे बेसुमार वाढून पिकांत शिरू लागली. १८३० च्या दशकात त्यांना आवरायला कॅलिफोर्नियाहून वाकेरो आणले गेले. हवाईच्या भाषेत 'स' नाही, म्हणून या 'एस्पान्योल' लोकांचं 'पानिओलो' झालं, आणि पुढे तिथले स्थानिक गुराखीच पानिओलो म्हणवू लागले. त्यांच्यातल्याच इकुआ पर्डीने १९०८ मध्ये वायोमिंगच्या शायेन गावी, भल्याभल्या अमेरिकन काऊबॉयना मागे टाकून, बैल दोराने जखडण्याची स्पर्धा जिंकली.