रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृद्रोग्यांमधील कर्करोगमृत्यू

रक्तातील कोलेस्टेरॉलची पातळी आणि पुढे कर्करोगाने येणारा मृत्यू यांचा संबंध हा वैद्यकातील एक जुना वादविषय. कोलेस्टेरॉल वाढले की हृदयविकाराचा धोका वाढतो, हे नाते सरळ आहे. कर्करोगाच्या बाबतीत मात्र अनेक पाहण्यांत उलटे चित्र दिसले : कोलेस्टेरॉल कमी, तर कर्करोगाचे मृत्यू जास्त. कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी हृद्रोग्याला बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते, म्हणून त्याच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा.

लॉस एंजेलिसमधील माजी सैनिकांच्या निवासगृहात ८४६ पुरुषांवर आहाराची चाचणी झाली होती. कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून एका गटाला प्राणिज चरबीऐवजी वनस्पती तेले दिली गेली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार त्या गटात कर्करोगाने ३१ जण दगावले, नेहमीचे जेवण घेणाऱ्यांत १७. शंकेला तोंड फुटले ते इथून. इस्राएलमध्ये ११,५६३ हृद्रोग्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या (१९९७). ज्यांचे कोलेस्टेरॉल १६० मिलिग्रॅम किंवा त्याखाली होते, त्यांच्यात हृदयाशी संबंध नसलेले मृत्यू दुपटीहून अधिक निघाले आणि त्यांत कर्करोग आघाडीवर होता.

यावरून कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो असे म्हणणे घाईचे ठरेल. गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधीपासून शरीरात असते. तिच्या पेशींना नवी आवरणे बांधायला कोलेस्टेरॉल लागते. काही रक्तकर्करोगांत या पेशी रक्तातले एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ज्यांना ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात) अक्षरशः ओढून घेतात. त्यात भूक मंदावते, वजन उतरते, यकृतावर परिणाम होतो. म्हणजे कारण कर्करोग आणि परिणाम कमी कोलेस्टेरॉल. आपण पाहतो तो क्रम फसवा. फिनलंडमधील २९,०९३ धूम्रपानी पुरुषांच्या पाहणीत हे नीट दिसले. पहिल्या नऊ वर्षांत आढळलेले कर्करोग हिशेबातून वगळताच एकूण कोलेस्टेरॉलशी असलेला संबंध जवळजवळ पुसला गेला. म्हणून गोळी तीच, खाणे तेच, तरी रुग्णाचे कोलेस्टेरॉल आपोआप घसरत असेल आणि वजनही घटत असेल, तर लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) ‘छान’ आले म्हणून समाधान मानू नये, शोध घ्यावा.

हृद्रोग्यांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. ज्यांचे कोलेस्टेरॉल फार जास्त, त्यांतले काही झटक्याने आधीच जातात; कर्करोग होण्याच्या वयापर्यंत ते पोचतच नाहीत. त्यामुळेही त्या गटात कर्करोग कमी भासतो.

हा गुंता सोडवण्याची सर्वांत सुंदर युक्ती १९८६ मध्ये मार्टाइन काटान या डच शास्त्रज्ञाने एका छोट्या पत्रात सुचवली. अपोलिपोप्रोटीन ई या प्रथिनाच्या एका जनुकीय प्रकारामुळे काहींचे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असते. दोष कमी कोलेस्टेरॉलचा असेल, तर कर्करोग्यांमध्ये हा प्रकार जास्त आढळायला हवा. पुढे जनुकांच्या आधारे कार्यकारणभाव तपासण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे बीज या पत्रात मानतात. कोपनहेगनमधील अशा अभ्यासात जन्मजात कमी एलडीएल असणाऱ्यांत कर्करोग वाढलेला दिसला नाही.

औषधचाचण्यांनीही अधूनमधून धसका दिला. ‘केअर’ नावाच्या चाचणीत (१९९६) प्रॅव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन वर्गातले एक औषध) घेणाऱ्या १२ स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला, औषध नसलेली बनावट गोळी घेणाऱ्या गटात एकीला. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या १,८७३ रुग्णांच्या ‘सीज’ चाचणीत (२००८) सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन आणि एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारे दुसरे औषध एकत्र घेणाऱ्या गटात १०५ जणांना कर्करोग झाला, तर नुसत्या बनावट गोळीच्या गटात ७० जणांना. आकडे लहान असले की दैवयोगही पुराव्यासारखा दिसतो. एझेटिमाइबची मोठी परीक्षा १८,१४४ हृद्रोग्यांवर झाली, तेव्हा तो फरक उरला नाही. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्रोग्यांच्या सिम्व्हास्टॅटिन चाचणीचा दहा वर्षांचा पाठपुरावा या विषयात सर्वांत बोलका : कर्करोगाने मृत्यू औषध गटात ८५, बनावट गोळीच्या गटात १००. स्टॅटिन कर्करोगापासून वाचवते असा याचा अर्थ नाही; तेवढा फरक योगायोगानेही पडतो.

अलीकडे वारे उलट्या दिशेनेही, म्हणजे जास्त कोलेस्टेरॉलवर संशय घेण्याकडेही, वाहू लागले आहे. कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारे २७-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल इस्ट्रोजेनसारखे वागून उंदरांमध्ये स्तनाच्या गाठी वाढवते, असे २०१३ मध्ये दिसून आले.