घाटात पेट्रोल किती लागते?

गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, हे विचारून त्या आकड्याने प्रवासाचे अंतर भागले की पेट्रोलचा हिशेब झाला, अशी आपली समजूत असते. सपाट महामार्गावर हा हिशेब बहुधा जमतोही. मात्र पुण्याहून वाईमार्गे महाबळेश्वरला जायचे असेल, तर तो जाताना हमखास कमी पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. म्हणजे साधारण १२० किलोमीटर पुढे जाताना गाडीला जवळजवळ ८०० मीटर वरही जावे लागते.

या चढाची किंमत शाळेत शिकलेल्या सूत्राने काढता येते: वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार. चार माणसे आणि सामान धरून गाडी १,४०० किलोची मानली, तर ८०० मीटर चढण्यासाठी सुमारे ११ मेगाज्यूल ऊर्जा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३० मेगाज्यूल ऊर्जा असते, परंतु तिच्यातील सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि चाकांच्या वाट्याला जेमतेम नऊ मेगाज्यूल येतात. म्हणजे निव्वळ वर चढण्याचे सव्वा लिटर. सपाटीवर १८ चे अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला १२० किलोमीटरसाठी ६.७ लिटर लागतील. त्यात हे मिळवले की जाताना आठ लिटर.

उतरताना हे सव्वा लिटर पूर्ण परत मिळत नाही, कारण तीव्र उतारावर वेग आवरण्यासाठी ब्रेक लावावा लागतो आणि चढताना कमावलेली बरीचशी ऊर्जा ब्रेक तापवण्यातच संपते. काही चालक पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हे धोक्याचे तर आहेच, शिवाय उलटे आहे: गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर आधुनिक इंजिन इंधनाचा पुरवठाच थांबवते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते.

खरी गफलत ‘अ‍ॅव्हरेज’ या शब्दातच आहे. वाई ते पाचगणी हा पसरणी घाटाचा टप्पा साधारण १२ किलोमीटरचा आहे. समजा, चढताना गाडीने लिटरला १० किलोमीटर दिले आणि उतरताना ४०. दोन्हींची सरासरी २५ वाटते. पण चढताना १.२ आणि उतरताना ०.३, असे मिळून दीड लिटर पेट्रोल २४ किलोमीटरसाठी जळाले, म्हणजे खरा आकडा १६ च आहे. म्हणून प्रत्येक टप्प्याचे लिटर काढून त्यांची बेरीज करावी, अ‍ॅव्हरेजची सरासरी काढू नये.

सपाटीचा आकडाही स्वतःच्या गाडीचाच असावा. जाहिरातीतील आकडा प्रयोगशाळेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून आणि एसी बंद ठेवून मोजलेला असतो. टाकी काठोकाठ भरून निघावे, शेदोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तितकीच भरावी आणि दुसऱ्यांदा किती लिटर बसले ते पाहावे. यापेक्षा विश्वासार्ह पद्धत मला तरी ठाऊक नाही. ही मोजणी ज्या वेगाने जायचे त्याच वेगाने करावी, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. टायरचा रोध मात्र फारसा बदलत नसल्यामुळे एकूण खर्च साधारण तीस टक्क्यांनी वाढतो.

परतताना सहा-साडेसहा लिटर धरले, तर येण्याजाण्याचे साडेचौदा होतात. रविवारी संध्याकाळी घाटात गाड्यांची रांग लागली, तर एसी चालू ठेवून जागेवर उभी असलेली गाडीही तासाला लिटरभर पेट्रोल पिते. त्यामुळे रिझर्व्हचे पेट्रोल हिशेबात न धरता निघताना टाकीत सतरा-अठरा लिटर असावे.