विद्यार्थी-नेतृत्वाचे पर्यावरणकार्य (सोलापूर)

शाळा-महाविद्यालयाच्या आवारातले पाणी, वीज, कचरा आणि झाडे यांचा हिशेब विद्यार्थ्यांनी ठेवायचा, त्यावरून काय करायचे ते त्यांनीच ठरवायचे आणि तडीस न्यायचे, अशी कार्यपद्धती. घोषणा देत फेरी काढणे हा तिचा सर्वांत सोपा भाग.

यासाठी चौकट जुनीच आहे. राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तीत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करावे लागते, शिवाय सात दिवसांचे शिबिर असते. शाळांत २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेना (विद्यार्थ्यांच्या पर्यावरण मंडळांची योजना) आली. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनातही पर्यावरणाला गुण असल्याने हरित लेखापरीक्षण (आवारातले पाणी, वीज, कचरा, झाडे यांची तपासणी) रूढ झाले. ते बहुधा प्राध्यापकांच्या फायलीत उरकते, हा भाग वेगळा. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाचे (आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचे, म्हणजे सगळ्या महाविद्यालयांचे हवामान जवळपास सारखे.

ते हवामानच खरी परीक्षा घेते. जिल्हा पर्जन्यछायेत येतो आणि पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. जूनच्या पहिल्या सरीला फोटो काढून लावलेले रोप जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत मान टाकते. त्यातून वाचले तर पुढे एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या वर. नेमक्या त्याच वेळी परीक्षा संपून वसतिगृहे रिकामी होतात. नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात मग बुडाला भोक पाडून वात घातलेले मडके मुळाशी पुरणे, आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी पिंपात साठवणे असे उपाय उपयोगी पडतात. फाटकाजवळच्या खोलीत एक वही लागते: झाडाचा क्रमांक, तारीख, पाणी घालणाऱ्याची सही. वही आणि पाण्याच्या खोलीची किल्ली मुलांकडे नसेल, तर नेतृत्व कागदावरच.

कुठे लावू नये, हेही ठरवावे लागते. १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य नान्नज परिसरात आहे. या पक्ष्याला मोकळे गवताळ माळ लागतात. तिथे दाट झाडी म्हणजे अधिवासाची हानी. शिबिराच्या उत्साहात माळाला ‘ओसाड’ म्हणण्याची चूक सहज होते.

दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुले निघून जातात. म्हणून वही सांभाळणाऱ्या जोडीत एक जण प्रथम वर्षाचा ठेवणे सोयीचे. उन्हाळ्याच्या पाळीला मात्र शहरातच राहणारी मुले-मुली निवडावी लागतात. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडची सुटीत गावी गेलेली असतात.