लढाईआधीचं अलामो

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो शहरात अलामोसमोर उभं राहिलं की त्या दगडी चर्चचा गोलसर माथा आधी नजरेत भरतो. १८३६ मध्ये टेक्ससचे बंडखोर आणि मेक्सिकन फौज यांची इथे प्रसिद्ध लढाई झाली, तेव्हा हा माथा नव्हताच. चर्चला छप्परही नव्हतं. १८५० च्या सुमारास अमेरिकी लष्कराने इथे कोठार केलं, तेव्हा तो चढवला गेला.

मुळात हे मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी वसवलेली वस्ती होती. १७१८ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दे ओलिव्हारेस यांनी ते वसवलं आणि १७२४ मध्ये ते आजच्या जागी आलं. नाव सॅन अँटोनियो दे वालेरो. लुइझियानातले फ्रेंच पुढे सरकतील, अशी स्पेनला धास्ती होती आणि सीमेवर वसवायला माणसं नव्हती. म्हणून तिथल्याच लोकांना ख्रिस्ती करून स्पेनची प्रजा बनवायचं ठरलं.

हे लोक म्हणजे पायाया आणि त्यांच्यासारखे अनेक लहान समूह. आज त्यांना एकत्रितपणे कोआविल्टेकन म्हणतात. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या या माणसांमागे अपाची टोळ्यांचे हल्ले आणि रोगराई लागली होती. मिशनमध्ये आसरा आणि धान्य मिळे. बदल्यात देव, भाषा, दिवसाचा क्रम, सगळंच सोडावं लागे. पाट त्यांनी खणले, मका त्यांनी पिकवला, माग त्यांनी चालवले, भिंतीही त्यांनीच रचल्या. १७३९ मध्ये देवी आणि गोवराच्या साथीत कितीतरी जण गेले. पहिलं दगडी चर्च कोसळलं, दुसरं अर्धवटच राहिलं. अलामोचा इतिहास सांगताना ही पाऊणशे वर्षं दोन ओळींत उरकली जातात, हे मला फार खटकतं.

१७९३ मध्ये मिशन बंद झालं आणि उरलेल्या कुटुंबांना जमिनी वाटल्या गेल्या. पुढे आलामो दे पारास गावचं घोडदळ इथे राहायला आलं. ‘अलामो’ हे नाव त्यांच्यामुळे रूढ झालं, असं मानतात.

१८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि टेक्सस त्याचा भाग राहिला. टेक्ससमध्ये आलेले अमेरिकी वसाहतवाले गुलामही घेऊन आले होते. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी आणि १८३० मध्ये अमेरिकेतून येणाऱ्यांची वाट बंद करायचा प्रयत्न केला. पुढे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष सांता अना यांनी प्रांतांचे अधिकार काढून घेतले आणि बंड पेटलं. मेक्सिकन सेनापती कोस यांनी तटबंदी केलेलं हे आवार डिसेंबर १८३५ मध्ये बंडखोरांच्या हाती आलं. सांता अना यांच्या फौजेच्या तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर ६ मार्च १८३६ रोजी ते पडलं. आतून लढणारे जवळजवळ सगळे मारले गेले आणि त्यांची प्रेतं जाळली गेली. त्यांच्यातल्या ग्रेगोरियो एस्पार्सा यांना मात्र माती मिळाली. त्यांचा भाऊ सांता अना यांच्या फौजेत होता. त्याने परवानगी मागून घेतली.

कोआविल्टेकनांचे वंशज आजही याच शहरात राहतात. आवारात पुरलेल्या पूर्वजांच्या अवशेषांबाबत आपलं म्हणणं ऐकलं जावं, म्हणून ते २०१९ मध्ये न्यायालयातही गेले.