बालकल्याण समितीच्या ताबा-आदेशाविरुद्धची दाद (सातारा-सांगली)

मूल कुणाकडे राहावे याविषयी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने दिलेला आदेश मान्य नसेल, तर आई-वडिलांना, नातेवाइकांना किंवा खुद्द मुलाला वर मागता येणारी दाद. बोलताना लोक याला सरसकट ‘सरकारवर केस टाकणे’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत ते बहुतेक वेळा अपील असते. हा फरक माहीत नसल्यामुळे पालक आधी कार्यालयांचे उंबरे झिजवतात, अधिकाऱ्यांशी हुज्जत घालतात, आणि तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते.

नवरा-बायकोतला ताब्याचा वाद निराळा. तो १८९०चा पालक व पाल्य कायदा किंवा वैवाहिक कायद्यांखाली कौटुंबिक अथवा जिल्हा न्यायालयात चालतो. समितीचा संबंध येतो तो बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ खाली, ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ समोर आल्यावर. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणून तिचा कागद म्हणजे नुसते सरकारी पत्र नव्हे. सापडलेले मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत समितीपुढे हजर करावे लागते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा समाजसेवक घरी जाऊन गृहचौकशी अहवाल देतो, आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा अशी अपेक्षा असते. मूल घरी परत, नातेवाइकाकडे, प्रतिपालक कुटुंबात (म्हणजे काही काळ मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) किंवा बालगृहात, यांतले काहीही त्या आदेशात असू शकते. जुनी माणसे बालगृहाला अजून ‘रिमांड होम’ म्हणतात. मूल तिथे गेले म्हणजे त्याने गुन्हा केला, ही समजूत याच शब्दातून आली आहे आणि ती अनेक घरांना आतून खाते.

या दोन जिल्ह्यांत अडचणीचे प्रसंग बरेचदा उसाच्या फडाशी येऊन थांबतात. हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कराड, वाळवा, पलूस भागात उतरतात; जतसारख्या दुष्काळी तालुक्यातली माणसेही कोयता घेऊन बाहेर पडतात. आई-बाप पहाटे तोडीला गेलेले, कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पाच वर्षांची पोर तान्ह्या भावाला सांभाळते आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते दुर्लक्ष दिसते. मुलाला धोका असेल तर समितीने हात घातलाच पाहिजे, याबद्दल दुमत नको. पण गरिबी आणि हेळसांड एकच नव्हेत, आणि गृहचौकशी अहवाल नीट झाला की नाही हे इथेच कळते. कायद्याच्या तिसऱ्या कलमानेच संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. त्यातच स्थलांतरित मुलाचे प्रकरण त्याच्या मूळ जिल्ह्याच्या समितीकडे वर्ग होऊ शकते. मग कोणत्या आदेशावर, कोणत्या जिल्ह्यात जायचे, हे टोळीतल्या माणसाला कुणीतरी समजावून सांगावे लागते.

अपिलाची वाट कलम १०१ मध्ये आहे. आदेशापासून ३० दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे व्यवहारात जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात, अपील करायचे. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व (मुलासाठी दिली जाणारी आर्थिक मदत) यांबाबतच्या निर्णयांवरचे अपील मात्र जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, जाते. उशिराला सबळ कारण असेल तर विलंब माफ होतो, आणि असे अपील ३० दिवसांत निकालात काढावे असे कायदा म्हणतो. म्हणून पहिले काम एकच: आदेशाची प्रमाणित नक्कल मागणे आणि अर्जाची पोच जपून ठेवणे. तोंडी सांगितलेल्या निर्णयावर अपील उभे राहत नाही.

मुद्दे पुष्कळदा आदेशातच सापडतात. अंतिम निकालाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर हवेत. ते होते का? पालकांचे म्हणणे ऐकले का? अहवाल गोपनीय असला तरी त्यातला मथितार्थ पालकांना सांगून त्यांना पुरावा देऊ देण्याची तरतूद आहे. ती वापरली का? आणि मुलाला विचारले का? याउलट, ‘या बालकाला काळजी व संरक्षणाची गरज नाही’ असा निष्कर्ष समितीने काढला तर त्यावर अपील चालत नाही. सत्र न्यायालयाने अपिलात दिलेल्या निकालावर दुसरे अपीलही नाही.

मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित होणार असेल तर वेळ फारच थोडा असतो. अनाथ किंवा सोडून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असल्यास दोन महिन्यांत, त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांत हा निर्णय घ्यायचा असतो. आई-वडिलांनी स्वतः समर्पण केले, म्हणजे मूल कायमचे समितीकडे सोपवले, असेल तर फेरविचाराला दोन महिने मिळतात. २०२१च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हादंडाधिकारी देतो. त्यावरचे अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे या दोन्ही जिल्ह्यांसाठी पुण्याला.

समितीच्या कामकाजाची तक्रार, म्हणजे बैठकच होत नाही, भेटू देत नाहीत, अशी, जिल्हादंडाधिकाऱ्याकडे करता येते. उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (खालचा आदेश कायद्याला धरून आहे का, हे तपासण्यासाठीचा) किंवा संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे न्यायपीठ) सुरू झाले आणि सातारा-सांगली त्याच्या कक्षेत आले. मजुरी बुडवून तारखेला जाणाऱ्या आईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

भरपाईचा दावा ही सर्वांत अवघड वाट. सद्‍भावनेने केलेल्या कृतीला कलम १०० चे संरक्षण आहे, आणि सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस लागते. बेकायदा डांबून ठेवल्याचे सिद्ध झाल्यास रिट याचिकेतच भरपाई देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रुदुल शाह प्रकरणात मान्य केले. ते प्रकरण तुरुंगातल्या माणसाचे होते. मूल परत मिळवायचे असेल तर पैशाची मागणी मागे ठेवून आदेशावरच लक्ष द्यावे.

या सगळ्या काळात मुलाचे नाव, फोटो, गाव समाजमाध्यमांवर टाकू नये. कलम ७४ खाली तो गुन्हा आहे, मग टाकणारे आई-वडीलच का असेनात.

वकिलाचा खर्च हे थांबण्याचे कारण होऊ नये. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यामुळे अर्ज आईच्या नावाने करता येतो, तसा मुलाच्या नावानेही.